सागाला करवत लावण्याआधी

टेबल-पलंगाचे नकाशे हल्ली कुठूनही मिळतात. मोबाइलवर व्हिडिओ येतो, कुणी इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स देतं, नागपूरचा पाहुणा पीडीएफ पाठवतो. वर रंगीत चित्र, खाली मापांची यादी आणि ‘एका दिवसात तयार’ अशी ग्वाही. रविवारी सकाळी हौसेने कामाला बसावं आणि दुपारी कळावं की यादीतली आडवी पट्टी दोन इंच आखूड आहे. तोवर सागाची फळी कापून झालेली असते. आजच्या भावात घेतलेलं लाकूड असं वाया गेलं की घरात पुढचे चार दिवस दुसरा विषय निघत नाही.

चामोर्शी तालुक्यात राहणाऱ्याला या हौसेसाठी लागणारं लाकूड जवळ आहे. आलापल्ली-अहेरीकडचा साग नावाजलेला आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातलं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून गेलं. अशा लाकडात केलेला पलंग नातवंडांनी वापरावा. तरीही घरी केलेलं फर्निचर दोन पावसाळ्यांत तडकतं, डुगडुगतं, ड्रॉवर अडकतो. दोष बहुतेक वेळा आपण स्वतःच्या हाताला देतो, आणि नकाशा तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, हा आपला शाळेपासूनचा समज. प्रत्यक्षात बरेच नकाशे काढणाऱ्याने ती वस्तू कधी बनवलेली नसते. ज्यांनी बनवली, त्यांनी ती दुसऱ्या लाकडात, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या बाजारातला माल घेऊन बनवलेली असते. म्हणून कामाच्या आदल्या संध्याकाळी करवत बाजूला ठेवून पेन्सिल घ्यायची आणि तलाठ्याने सातबारा वाचावा तसा नकाशा वाचायचा.

सुरुवात बेरजेने. मुलांच्या अभ्यासाचं साधं टेबल घेऊ. नकाशात लिहिलंय: वरची फळी १२०० बाय ६०० मिलिमीटर, जाडी २५, पाय ५० बाय ५०, एकूण उंची ७५०. यादीत चार पाय, प्रत्येकी ७५०. इथेच पहिली चूक सापडली. पायावर २५ मिलिमीटरची फळी बसणार, म्हणजे पाय ७२५ चा हवा. नाहीतर टेबल एक इंच उंच होईल आणि पाचवीतल्या मुलाचे खांदे कानाला लागतील.

आता पायांना जोडणारी लांब पट्टी. चित्रात पाय फळीच्या कडेपासून ५० मिलिमीटर आत आहेत. १२०० मधून दोन्ही बाजूंचे ५०-५० गेले, दोन पायांचे ५०-५० गेले, उरले १०००. यादीतही १००० च आहे, म्हणून आपण खूश. पण चित्रातल्या पट्टीला दोन्ही टोकांना कुसू आहे, म्हणजे पायातल्या भोकात शिरणारी जीभ. ती ३० मिलिमीटरची धरली तर पट्टी १०६० ची कापायला हवी. यादी करणाऱ्याने दिसणारी लांबी लिहिली, लपलेली विसरला. ही चूक इतकी सर्रास आढळते की यादीत कुसवाचा हिशेब धरलाय का, हे मी सगळ्यात आधी बघतो. आखूड पट्टीची ६० मिलिमीटरची भरही अशीच राहून जाते.

इतकं जुळलं तरी काम संपत नाही. पाय ५० चा, त्याच्या दोन लगतच्या बाजूंनी दोन पट्ट्या येतात. भोकं पायाच्या मधोमध आणि कुसू ८ मिलिमीटर जाड धरलं, तर एका बाजूच्या कुसवाची जागा दुसऱ्या बाजूने मोजल्यास २१ ते २९ मिलिमीटरवर येते. दोन्हीकडून ३०-३० आत घुसवायची म्हटली तर ती पायाच्या पोटात एकमेकांवर आदळतात. चित्रात हे दिसत नाही, कारण पाय कापून आतलं कुणी काढलेलं नसतं. उपाय सोपा आहे: कुसू २० वर आणा, किंवा टोकं तिरपी, पंचेचाळीस अंशांत कापून एकमेकांना भिडवा. पण हे आधी कळलं तर. पट्टी कापून झाल्यावर कळलं तर कुसू छाटता येतं. भोकं पाडून झाल्यावर पायातच पोकळी राहते आणि तिथेच टेबल हलायला लागतं.

टेबलाला ड्रॉवर असेल तर आणखी एक बेरीज करा. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५० वर धरा. तिच्यावर मांडीला निदान सहा इंच, म्हणजे दीडशे मिलिमीटर जागा हवी. ७५० उंचीतून फळीचे २५ आणि ड्रॉवरचे १५० गेले, खाली ५७५ राहिले. बैठक वजा केली की १२५. मुलगा तिथे गुडघे आडवे करूनच बसेल. चित्रात माणूस बसलेला नसतो, त्यामुळे हे खपून जातं. आणि हल्ली तर संगणकानेच तयार केलेली चित्रं फिरतात. त्यांत टेबलाला पाच पाय असतात, पट्टी एका बाजूने पायाच्या पुढून जाते आणि दुसरीकडे मागून निघते. असं चित्र दिसलं की त्याखालची मापं वाचण्यात वेळ घालवू नका.

दुसरा घोळ मापाच्या भाषेचा. अमेरिकन नकाशात ‘टू बाय फोर’ लिहिलं असेल तर ती पट्टी दोन बाय चार इंच नसते. तिकडे रंधा मारून विकायला ठेवलेल्या त्या पट्टीचं खरं माप दीड बाय साडेतीन इंच असतं; जुनं नाव तेवढं टिकलंय. आपण आरामशीनवर जाऊन भोळेपणाने दोन बाय चार चिरून आणतो. मग तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की साडेचारऐवजी सहा इंच होतात आणि पुढचं एकही माप जुळत नाही. शिवाय लाकूड दीडपट लागतं. पाइनच्या भावात ते चालून जाईल, सागाच्या भावात नाही चालणार.

तिकडच्या यादीत लाकडाचा हिशेब ‘बोर्ड फूट’मध्ये असतो. बारा बोर्ड फूट म्हणजे आपला एक घनफूट. आपला हिशेब करायचा तर रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटांत घ्या, गुणा आणि १४४ ने भागा. आलेल्या आकड्यात पाव भाग वाढवूनच लाकूड सांगा, कारण गाठ, तडा, पांढरा भाग आणि करवतीचा भुसा कुठल्याच यादीत नसतो. आरामशीनवर एक इंच चिरलेली फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारल्यावर सहा सुतावर येते, हेही लक्षात असू द्या. नकाशात १९ मिलिमीटर तयार जाडी असेल तर चिरान एक इंचीच घ्यावं लागेल. पाऊण इंची घेतलंत तर हाती अर्धा इंच उरेल.

भाषांतर केलेल्या नकाशांत इंचाचे मिलिमीटर करताना २५.४ ऐवजी सरळ २५ ने गुणलेलं असतं. ४८ इंचांचे १२१९ व्हायला हवेत, तिथे १२०० छापतात. सगळीच मापं तशी असतील तर वस्तू थोडी लहान होईल, एवढंच. पण निम्मी इकडची निम्मी तिकडची असली की पाऊण इंचाचा फरक पडतो. इंच-सूत किंवा मिलिमीटर, दोन्हींपैकी एक धरा आणि सगळी यादी स्वतः नव्याने लिहून काढा. आपले मिस्त्री सुतात बोलतात, प्लायवूडचं दुकान मिलिमीटरमध्ये. दोघांकडे जाताना कागद वेगवेगळा न्या.

आता सगळ्यात मोठा दोष. मापांत चूक नाही, बेरीज बरोबर, चित्र खरं, तरी टेबल फाटतं. कारण नकाशा काढणाऱ्याने चामोर्शीचा मे आणि चामोर्शीचा ऑगस्ट पाहिलेला नसतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दुपारची हवा कोरडी ठाक असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा इतकी ओली होते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. दोन फूट रुंदीची सागाची वरची फळी आपल्याकडे उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन ते अडीच सूत रुंद होऊ शकते. साग या बाबतीत शहाण्या लाकडांत गणला जातो. ऐन किंवा बाभूळ याहून जास्त हलतं. पॉलिशने ही हालचाल मंदावते, थांबत नाही.

वाईट नकाशाची इथली खूण अशी: वरची फळी खालच्या चौकटीला सरसकट फेव्हिकॉल लावून आणि घट्ट स्क्रू मारून बसवायला सांगितलेली असते. किंवा फळीच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी चिकटवायला सांगितलेली असते, टोकं सुबक दिसावीत म्हणून. फळी रुंदीत हलू पाहते, आडवी पट्टी लांबीत हलत नाही, आणि दोघांच्या भांडणात फळी मधोमध फाटते. जानेवारीत बांधलेलं टेबल मेमध्ये ‘टक्’ असा आवाज करून तडकतं, ते यामुळे. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे तर एका टेबलाची दोन हवामानं होतात: कूलरसमोरचं टोक ओलं, दुसरं कोरडं.

करायचं काय? फळी चौकटीला स्क्रूनेच लावा, पण चौकटीतली किंवा लोखंडी एल-पट्टीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहील. गोंद फक्त फळ्या एकमेकींना जोडताना. कपाटाचं दार भरीव लाकडात करायचं तर चारी बाजूंनी चौकट घ्या आणि मधलं पॅनेल खाचेत सुटं बसवा. खाचेत दोन्हीकडे सुतभर हवा ठेवा. पॅनेलला गोंद लावायचा नाही. जुन्या वाड्यांची दारं शंभर पावसाळे काढतात, त्यात ही एक युक्ती आहे. ज्या नकाशात ‘पॅनेल चिकटवा’ लिहिलं असेल, तो नकाशा काढणाऱ्याला लाकूड कळत नाही असं खुशाल समजा.

लाकूड वाळलेलं हवं हे सगळे सांगतात; किती, हे कुणी सांगत नाही. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडून कुठल्या कामाला किती ओलावा चालेल ते दिलेलं आहे. घरच्या फर्निचरला आपल्या भागात १२ टक्क्यांच्या आसपास आलं की काम सुरू करावं. मोजायचं यंत्र नसेल तर फळीचा एक तुकडा घेऊन दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन आठवडे वजन बदललं नाही म्हणजे लाकूड हवेशी जुळलं. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, मध्ये रिपा घालून रचून, वर्षभर द्यावं हा जुना ठोकताळा अजूनही बरा आहे. कामाला मुहूर्त बघायचाच तर मार्कंड्याच्या जत्रेचे, महाशिवरात्रीच्या पुढचे-मागचे आठवडे उत्तम. तेव्हा लाकूड पावसाळ्याइतकं फुगलेलं नसतं आणि मेइतकं आकसलेलंही नसतं. भर पावसाळ्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर उन्हाळ्यात खडखडतो, आणि मेमध्ये घट्ट बसवलेला श्रावणात उघडत नाही.

पाइनचा नकाशा सागाला जसाच्या तसा लावू नये, याला आणखीही कारणं आहेत. पाइन मऊ असतं, त्यात स्क्रू थेट घुसतो. सागात आणि ऐनात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला की काठाजवळ हमखास चीर जाते. स्क्रू फळीच्या टोकाच्या बाजूने, म्हणजे रेषांच्या दिशेने मारायला सांगितला असेल तर तो सांधा मुळातच कच्चा. तिथे कुसू किंवा आतून आधाराचा ठोकळा हवा. साग तेलकट असतो, म्हणून रंधा मारून महिनाभर ठेवलेल्या कडांना गोंद नीट धरत नाही. जोडायच्या दिवशीच कड ताजी करा. बिजा सुंदर दिसतो, पण ओला झाला की रंग सोडतो. जेवणाच्या टेबलावर तो घालू नका. सालई, मोवई, सावर स्वस्त पडतात, पण त्यांत कीड लवकर शिरते. खोक्याला, फारतर आतल्या पाठीला वापरा. आणि साग म्हटला तरी त्याचा गाभाच साग. बाहेरचा पांढरा भाग वाळवीला भाकरीसारखा. विरळणीच्या बारक्या बल्ल्यांतून चिरलेल्या मालात हा पांढरा भाग फार असतो, म्हणून भाव कमी सांगितला की फळीची कड नीट बघा.

प्लायवूडच्या नकाशांत वेगळे खड्डे आहेत. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटाच्या दोन बाजू ६१०-६१० रुंद काढायला सांगितलेल्या असतात. करवतीचं पातं मधले तीन मिलिमीटर खातं, हे कागदावर नसतं. हातात ६०८ येतात. १८ मिलिमीटर म्हणून विकलेली शीट कॅलिपरने मोजली तर कधी कधी सोळा-सतरा भरते. मग १८ च्या खाचेत ती खुळखुळते. शीट घरी आणल्यावर आधी मोजा, खाच मग पाडा.

पुस्तकांच्या फळीचा हिशेब तर नेहमी चुकतो. फूटभर लांबीत उभी लावलेली पुस्तकं आठ-दहा किलो सहज भरतात. दोन फुटांची फळी तीन फूट केली आणि पुस्तकं तितकीच दाट लावली, तर ती दीडपट वाकेल असं वाटतं, वाकते पाचपट. जाडी १८ ऐवजी १२ घेतली तर वाक तिपटीहून जास्त. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे ढीग ठेवायचे असतील तर १८ च्या प्लायला दोन-अडीच फुटांवर आधार द्याच, आणि समोरच्या कडेला दीड इंच उभी सागाची पट्टी चिकटवा. कडही झाकली जाते आणि फळी ताठ राहते.

ड्रॉवरबद्दल थोडक्यात. जुने नकाशे लाकडी पट्टीवर सरकणाऱ्या ड्रॉवरचे असतात. आपण दुकानातून टेलिस्कोपिक चॅनेल आणतो. त्याला दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा मिलिमीटर जागा लागते. कपाटाची मोकळी जागा ४०० असेल तर ड्रॉवरची बाहेरची रुंदी ३७५ च्या आत, ३७४ ठेवा. आधी चॅनेल विकत घ्या, मग ड्रॉवर कापा. पलंगाचंही तसंच: आधी गादी. अमेरिकन ‘क्वीन’ गादी ६० बाय ८० इंच. आपल्या दुकानात ७८ बाय ६०, ७५ बाय ६०, ७२ बाय ६० अशा मिळतात. तिकडचा नकाशा जसाच्या तसा केलात तर पायाशी दोन ते आठ इंचांची फट राहते आणि तिच्यात पांघरूण, मोबाइल, मांजर सगळं जातं. आपल्याकडे पलंगावर माणूस फक्त झोपत नाही. लग्नकार्यात त्यावर आठ जण बसून पत्ते खेळतात. मधला आधार आणि मधला पाय नसलेला नकाशा त्यासाठी बाद धरा.

कपाट भिंतीला बांधा, असं चांगल्या नकाशात लिहिलेलं असतं, आणि ते खरंच करायला हवं. ड्रॉवरची कपाटं उलटून लहान मुलं दगावल्यावर आयकिया कंपनीला २०१६ मध्ये एकट्या अमेरिकेतून २ कोटी ९० लाख कपाटं परत मागवावी लागली होती. पण ‘भिंतीतल्या लाकडी खांबात स्क्रू मारा’ ही सूचना तिकडच्या घरांसाठी आहे, कारण त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा असतो. आपल्याकडे विटेच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लग ठोकावा लागेल. मातीच्या भिंतीत प्लगही धरत नाही. तिथे कपाट वरच्या मयालीला किंवा खांबाला पट्टीने जखडा. जमीन सारवलेली असेल तर कपाटाचा तळ जमिनीला टेकवू नका, चित्रात कितीही देखणं दिसलं तरी. चार इंच पाय द्या, पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा, आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. वाळवी वर चढताना तिचं मातीचं घर दिसेल तरी.

आणि कपाट घरात जाणार कसं, हेही विचारा. आपल्या कौलारू घरांची दारं ठेंगणी. आडवं ठेवून जोडलेलं कपाट उभं करताना त्याचा कर्ण छताला लागतो: ९४ इंच उंच आणि २४ इंच खोल कपाटाचा कर्ण ९७ इंच भरतो, म्हणजे आठ फुटी छताखाली ते उभंच राहणार नाही. असं कपाट दोन भागांत करा.

बांबूच्या नकाशांचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो मुबलक आहे आणि त्याच्या खुर्च्यांची चित्रं भुरळ घालतात. चित्रांतला बांबू बहुधा चार-पाच इंच जाडीचा आणि पोकळ असतो. आपल्या जंगलातला मानवेल बारीक, जाड भिंतीचा, बुडाशी जवळजवळ भरीव. पोकळ बांबूत आडवी नळी घुसवायचे सांधे त्यात जमत नाहीत. उलट तो ताकदीला सरस आहे, म्हणून तीन-चार दांड्या एकत्र बांधून पाय करता येतो. खिळा ठोकला की बांबू उभा फाटतो. भोक पाडून बांबूचीच खुंटी मारा आणि वर दोरीने आवळा. कोवळा बांबू घेऊ नका, तीन वर्षांचा तरी हवा, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवल्याशिवाय कामाला लावू नका, नाहीतर सहा महिन्यांत खुर्चीखाली पिठाचे ढीग दिसतील. बहुतेक नकाशे या प्रक्रियेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे; बांबूत मन रमलं असेल तर व्हिडिओंपेक्षा तिथे जाऊन प्रत्यक्ष बघणं फायद्याचं.

शेवटचा हात तेलाचा. परदेशी यादीत ‘लिनसीड ऑइल’ दिसतं आणि आपल्याला आनंद होतो, कारण जवस तर आपल्या रानातलं. पण घाणीचं खाण्याचं जवस तेल लाकडावर दिवसेंदिवस चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ घ्या, पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसून काढा. आणि पुसलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं. गोळा करून ठेवलेली तेलकट चिंधी आपोआप पेट घेते. आपल्या उन्हाळ्यात तर याला फार वेळ लागत नाही. चिंध्या दोरीवर सुट्या वाळत घाला किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. ज्या नकाशात तेल सांगितलंय आणि ही सूचना नाही, तो अपुरा आहे.

मग नकाशे वापरायचेच नाहीत का? वापरायचे, पण बदलून. इटलीचा एन्झो मारी नावाचा डिझायनर होता. त्याने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळ्यांत होणाऱ्या फर्निचरचे नकाशे लोकांना वाटले. लोकांनी ते करून बघावेत, त्यात फेरफार करावेत आणि करता करता वस्तू उभी कशी राहते ते समजून घ्यावं, अशी त्याची अपेक्षा होती. त्या बेताने कुठलाही नकाशा घ्या. आपले जुने वाढई कागद वापरतच नाहीत. ते फरशीवर खडूने वस्तूचं पूर्ण आकाराचं चित्र काढतात, आणि एका सरळ रिपेवर सगळ्या खुणा घेतात: इथे फळी, इथे ड्रॉवर, इथे कुसू. पुढे सगळं काम त्या काठीवरून होतं, टेप फारसा लागतच नाही. खडूच्या चित्रात मघाची आदळणारी कुसवं लगेच दिसतात. घरी हे करायला अर्धा तास लागतो. सांधा नवा असेल तर भंगारातल्या लाकडावर एक करून बघा. आणि एक सवय लावून घ्या: सगळे तुकडे यादीवरून एकदम कापायचे नाहीत. आधी चौकट उभी करा, मग पॅनेल, ड्रॉवर आणि मागची पाठ त्या तयार चौकटीवर प्रत्यक्ष मोजून कापा. यादीत चूक असली तरी ती मग एका तुकड्यापुरती राहते.

लाकूड घेताना पावती घ्या आणि माल कुठून आला त्याचा परवाना बघा. स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते; ‘घरच्याच कामाला तर आहे’ हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

वस्तू तयार झाली की नकाशात सापडलेल्या चुका लाल पेनने त्याच कागदावर लिहा: पाय ७२५, पट्टी १०६०, भोकं लांबट, ड्रॉवर ३७४. लाकूड कुठलं वापरलं आणि कुठल्या महिन्यात जोडणी केली, तेही लिहा. शेजारचा कुणी मागायला आला तर मूळ कागद देऊ नका, तुमचा लाल शाईचा द्या.